आरव्हीतून प्रेअरी पार: मिनियापोलिस ते ब्लॅक हिल्स, आईबाबा आणि पोरांसकट

उन्हाळ्यात इंडियातून आईबाबा आले की आमच्या मिनेसोटातल्या मराठी मंडळींचा एक ठरलेला कार्यक्रम असतो, शुक्रवारी ऑफिस संपलं की व्हॅनमध्ये सगळ्यांना कोंबायचं, रात्रभर गाडी हाणायची आणि सकाळी साउथ डकोटातल्या ब्लॅक हिल्स डोंगरांत माउंट रश्मोरसमोर, म्हणजे कड्यात कोरलेल्या चार राष्ट्राध्यक्षांच्या चेहऱ्यांसमोर, डोळे चोळत फोटो काढायचा. मधले साडेपाचशे-पावणेसहाशे मैल म्हणजे प्रेअरी, नुसतं गवताळ माळरान, त्यात काय बघायचंय, असं म्हणून अंधारात उडवून द्यायचे. माझं मत बरोब्बर उलटं आहे, ते चार दगडी चेहरे अर्ध्या तासात बघून होतात, बघायचं असतं ते मधलंच, आणि घरात तीन पिढ्या असतील तर त्यासाठी आरव्ही, म्हणजे बेड-किचन-टॉयलेटवाली घरासारखी गाडी, तिच्यासारखी सोय नाही. फक्त एक गोष्ट निघायच्या आधीच मान्य करून टाका. आरव्हीत तुमचा दिवस गूगल मॅप ठरवत नाही, वारा आणि गाडीखालच्या टाक्या ठरवतात. हे एकदा डोक्यात बसलं की खाली जे लिहिलंय त्यातलं अर्धं आपोआप सुचेल.

हे सगळं मिनियापोलिसहून निघणाऱ्यांसाठी लिहितेय, शिकागोवाल्यांनी पुढे एक दिवस जोडा. जाऊन-येऊन आणि इकडेतिकडे फिरून साधारण १४०० मैल होतात, किमान आठ दिवस काढा, दहा मिळाले तर सोनं.

कधी जायचं

जूनचा पहिला-दुसरा आठवडा किंवा लेबर डे (सप्टेंबरचा पहिला सोमवार) नंतरचा सप्टेंबर. जूनमध्ये गवत हिरवंगार असतं, रानफुलं असतात, बायसनची (अमेरिकन गव्यांची) तांबूस पिल्लं आयांच्या मागेमागे पळत असतात, पण वादळं पण तेव्हाच. जुलैमध्ये बॅडलँड्समध्ये, म्हणजे वाटेतल्या झिजलेल्या उजाड सुळक्यांच्या नॅशनल पार्कमध्ये, सावली नावाची गोष्ट नाही, पारा ३५ च्या वर गेला की आजी-आजोबा गाडीतून उतरायलाच तयार होत नाहीत. सप्टेंबरमध्ये गवत सोनेरी होतं, पण शाळा सुरू झालेल्या असतात, तेव्हा ते पोरं लहान असणाऱ्यांना किंवा नुसतं आईबाबांना घेऊन जाणाऱ्यांना. सप्टेंबरच्या शेवटच्या शुक्रवारी ब्लॅक हिल्समधल्या कस्टर स्टेट पार्कमध्ये घोडेस्वार हजारावर बायसन हाकत आणतात, तो राउंडअप बघायला तोबा गर्दी होते.

ऑगस्टचा पहिला पंधरवडा मात्र विसरा. स्टर्जिस गावात १९३८ पासून मोटरसायकलवाल्यांची जत्रा भरते, दहा दिवस चालते, लाखो बाइक्स येतात, ब्लॅक हिल्समधले सगळे कॅम्पग्राउंड फुल्ल आणि भाव डबल. पोरांना बाइक्स आवडत असतील तरी नको, कारण वळणावळणाच्या रस्त्यावर पुढे चाळीस बाइक्स आणि मागे चाळीस बाइक्स आणि मध्ये तुमचं ते धूड.

गाडी कुठली घ्यायची

क्लास ए म्हणजे ती बससारखी, क्लास बी म्हणजे व्हॅन, आणि क्लास सी म्हणजे ड्रायव्हरच्या डोक्यावर बेड असलेली. सहा माणसांच्या मराठी कुटुंबाला क्लास सी, २८ ते ३० फूट, विषय संपला. वरचा बेड पोरांचा, मागची बेडरूम आईबाबांची कारण तिथून टॉयलेट जवळ, आणि डायनेट (जेवायचं टेबल आणि दोन बाकं) मोडून झालेला बेड तुमच्या दोघांचा, पाठीचं काय व्हायचं ते होऊ दे. साध्या कार लायसन्सवर ही गाडी चालवता येते.

'सहा जण झोपू शकतात' आणि 'सहा जण प्रवास करू शकतात' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, जाहिरातीत पहिलीच लिहिलेली असते. फोन करून विचारा की सीटबेल्ट किती, कुठे, आणि पुढे तोंड असलेल्या सीट्स किती. डायनेटच्या एका बाकाचं तोंड मागे असतं, त्यावर कार सीट लावायची नाही, कार सीट फक्त पुढे तोंड असलेल्या आणि बेल्ट थेट गाडीच्या फ्रेमला जोडलेला असलेल्या सीटवर. मॉडेल बुक करताना त्याचा फोटो मागवा, लाजू नका. आणि गाडी चालू असताना वरच्या बेडवर पोरं खेळणार नाहीत, आजी चहा करायला उठणार नाहीत, मागे कोणी आडवं होणार नाही, हे घरीच सांगून ठेवा. आजोबा म्हणणारच की एवढी मोठी गाडी, घर आहे म्हणून तर घेतलं ना. घर थांबल्यावर, आजोबा.

भाड्याचं गणित वरवर दिसतं त्यापेक्षा वेगळं असतं. रात्रीचं भाडं, त्यावर मैलांचे पैसे, जनरेटरचे तासाचे पैसे, चादरी-भांड्यांच्या किटचे पैसे, क्लीनिंग, इन्शुरन्स. सगळं मिळून लेखी आकडा मागा आणि मगच दोन ठिकाणांची तुलना करा. तुमच्या कारचा इन्शुरन्स भाड्याच्या आरव्हीला लागू होईलच असं नाही, आणि क्रेडिट कार्डवाले रेंटल कव्हरमधून आरव्ही बहुतेक वेळा वगळतात, तेव्हा दोघांनाही फोन करा. पेट्रोलचं सोपं आहे, गॅलनला आठ मैल धरा, १४०० मैलांना पावणेदोनशे गॅलन, तुमच्या गावातल्या भावाने गुणा आणि एकदा पाणी पिऊन घ्या.

गाडी ताब्यात घेताना जो माणूस सगळं दाखवतो त्याचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत व्हिडिओ काढा. फ्रिज, हीटर, वॉटर पंप, ऑनिंग (बाहेर काढायची कापडी छपरी), जनरेटर, टाक्यांचे व्हॉल्व्ह. रात्री दहाला कॅम्पमध्ये ते ट्रेनिंग कोणाच्याही लक्षात नसतं. आणि गाडीची उंची फूट-इंचात चिठ्ठीवर लिहून डॅशबोर्डला चिकटवा, साधारण ११-१२ फूट असते, ड्राइव्ह थ्रूच्या छपराखाली शिरताना ती चिठ्ठी उपयोगी पडते.

बुकिंग

कस्टर स्टेट पार्कचं बुकिंग वर्षभर आधी उघडतं आणि चांगल्या जागा लगेच जातात, म्हणून ट्रिपच्या तारखा कस्टरवरून ठरवा, बाकीचं त्याभोवती बसवा. बॅडलँड्समध्ये सीडर पास कॅम्पग्राउंड, त्यात वीज असलेल्या जागा मोजक्याच, उन्हाळ्यात एसीशिवाय आईबाबांचे हाल होतील म्हणून वीजवालीच घ्या. ती नाही मिळाली तर जवळच इंटिरियर गावापाशी केओए (खासगी कॅम्पग्राउंडची साखळी) आहे, तिथे पाणी-वीज-ड्रेनेज सगळं जोडून मिळतं, पण खिडकीतून बॅडलँड्सचे सुळके दिसायची मजा सीडर पासलाच. बॅडलँड्समधल्याच सेज क्रीकच्या फुकट कॅम्पग्राउंडचे फोटो बघून मोहात पडू नका, तिथे १८ फुटांच्या वरच्या आरव्हीला बंदी आहे आणि रस्ताही खडीचा, भाड्याच्या करारात खडीचे रस्ते बऱ्याचदा चालतच नाहीत. वाटेत एखादी रात्र वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये काढता येते, सगळी दुकानं परवानगी देत नाहीत, आत जाऊन मॅनेजरला विचारायचं.

वीज, म्हणजे खरं तर किचन

क्लास सी ला ३० अँपचं कनेक्शन असतं. ३० गुणिले १२० व्होल्ट म्हणजे ३६०० वॅट, सगळ्या घराला मिळून एवढंच. एसी साधारण १५०० वॅट खातो, इंडक्शन फुल केला तर १८००, मायक्रोवेव्हही १५०० च्या आसपास. आता दुपारी एक वाजता एसी चालू, आई इंडक्शनवर कुकर लावतेय आणि पोरगं मायक्रोवेव्हमध्ये पॉपकॉर्न टाकतंय, ठक्क, सगळं बंद. ब्रेकर पडतो, तो वर करायचा आणि एकावेळी दोनच मोठ्या वस्तू चालवायच्या हा नियम करायचा. इन्स्टंट पॉट हजार वॅटच्या आसपास, एसीबरोबर बिनधास्त चालतो, म्हणून आमटी-भात-खिचडी त्यात. कॅम्पचा विजेचा खांब जुनाट दिसला तर भीती नको म्हणून सर्ज प्रोटेक्टर बरोबर ठेवा, आधी खांबाचा ब्रेकर बंद, मग प्लग, मग ब्रेकर चालू.

फोडणी गाडीत करू नका. एवढ्याशा जागेत मोहरी तडतडली, मिरची पडली की स्मोक अलार्म बोंबलतो, शेजारच्या साइटवरचे गोरे आजोबा फायर एक्स्टिंग्विशर घेऊन धावत येतात, आणि हिंग-मिरचीचा वास गादीच्या कापडात असा मुरतो की क्लीनिंग फी नक्की. दोन बर्नरचा कॅम्प स्टोव्ह घ्या, बाहेर पिकनिक टेबलवर फोडणी, पोळ्या, भजी काय ती. वारा असतो म्हणून स्टोव्हला तिन्ही बाजूंनी पत्र्याचा आडोसा लागतोच, नाहीतर अर्धा तास झाला तरी तेल तापत नाही. घरून भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, भाजलेला रवा, कच्च्या पोह्यांचा चिवडा, फ्रोजन पोळ्या. इंडियन ग्रोसरी सू फॉल्समध्ये थोडीफार मिळेल, त्यापुढे कोथिंबीर आणि मिरची मिळाली तरी नशीब. दही तेवढं सगळीकडे मिळतं.

निघताना कुकर, कढई, बरण्या सिंकमध्ये किंवा खाली बेडवर टॉवेलात. वरच्या कपाटात फक्त हलक्या वस्तू, आणि प्रत्येक कपाटाची कडी लागलीय का हे बघायचं काम एका पोराला द्या, ते फार मनापासून करतं.

पाणी आणि टाक्या

तीन टाक्या. फ्रेश म्हणजे वापरायचं पाणी, ग्रे म्हणजे सिंक-शॉवरचं, ब्लॅक म्हणजे टॉयलेटचं. प्रत्येक साधारण ३० ते ४० गॅलन, मॉडेलप्रमाणे कमीजास्त. सहा माणसांत आधी भरते ती ग्रे. दोघांनी घरच्यासारखी आंघोळ केली आणि आईने नळाखाली भांडी घासली की झाली, मग शॉवरमध्ये पायाशी पाणी वर यायला लागतं. म्हणून आंघोळी कॅम्पग्राउंडच्या शॉवर हाउसमध्ये, गाडीतली फक्त आजी-आजोबांसाठी, आणि तीही अंग ओलं करून पाणी बंद, साबण, मग पुन्हा चालू. भांडी कागदी. कढईतलं तेल सिंकमध्ये अजिबात नाही, कागदाने पुसून कचऱ्यात, नाहीतर टाकीत थर बसतो आणि तीन दिवसांनी वास येतो.

ब्लॅक टँकबद्दल लोक उगाच घाबरतात. तिला हवं असतं भरपूर पाणी. आणि इथे आपली माणसं जात्याच पुढे आहेत, टॉयलेटमध्ये मग नेणारे आईबाबा टाकीचं भलंच करत असतात. पायाने दाबायचा पेडल असतो, अर्धा दाबला की पाणी भरतं, पूर्ण दाबला की खाली झडप उघडते, हे त्यांना पहिल्या दिवशी दिवसाउजेडी दाखवा. पेपर आरव्हीचाच वापरायचा, लवकर विरघळणारा. वेट वाइप्स पाकिटावर काहीही लिहिलेलं असलं तरी नाही.

साइटला ड्रेनेज जोडलेलं असलं तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंद ठेवायचा, दोन-तृतीयांश भरेपर्यंत. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट ते मागे राहतं, त्याचा टाकीत डोंगर होतो आणि मग तो काढायला पैसे मोजावे लागतात. रिकामी करायची पद्धत अशी: रबरी ग्लोव्हज घालून पाइप आधी गाडीला घट्ट बसवा, कडी वळली का बघा, दुसरं टोक जमिनीतल्या भोकात, त्यावर दगड किंवा पाय. मग ब्लॅकचा व्हॉल्व्ह झटक्यात पूर्ण उघडा, आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, टॉयलेटमधून दोन बादल्या पाणी ओता, पुन्हा उघडा-बंद. मग ग्रे उघडा, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप धुऊन निघतो. दोन्ही व्हॉल्व्ह बंद झालेत हे हाताने ओढून तपासल्याशिवाय पाइप काढायचा नाही. शेवटी टॉयलेटमधून थोडं पाणी आणि केमिकलची एक पुडी. डम्प स्टेशनवर पिण्याच्या पाण्याचा नळ वेगळा असतो, पाइप धुवायचा नळ वेगळा, पाटी वाचा. पिण्याच्या पाण्याला तुमचा पांढरा होज, दुसरा कुठलाही नाही, आणि मध्ये प्रेशर रेग्युलेटर, कारण काही कॅम्पमधलं प्रेशर गाडीच्या नळ्या फोडेल इतकं असतं.

बॅडलँड्समध्ये साइटवर पाणी जोडलेलं नसतं, तेव्हा शिरायच्या आधी टाकी भरलेली आणि ग्रे-ब्लॅक रिकाम्या. प्यायला बाटल्या वेगळ्या.

चालवायचं कसं

साउथ डकोटात आय-९० वर लिमिट ८० आहे. तुमचं ६०-६५. मागून सगळे ओव्हरटेक करतील, करू दे. मोठा ट्रक बाजूने गेला की आधी गाडी बाहेर ढकलली जाते आणि मग त्याच्याकडे ओढली जाते, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरायचं, झटका द्यायचा नाही. वळताना मागचा भाग उलट्या बाजूला बाहेर फेकला जातो, पेट्रोल पंपावर सगळ्यात जास्त घासाघीस त्यानेच होते, म्हणून भरायला ट्रक स्टॉप, जिथे आरव्हीची वेगळी लेन असते. रिव्हर्सला एक माणूस खाली उतरून मागे उभं राहणारच, कॅमेरा असला तरी.

प्रेअरीतला वारा दुपारी चढतो. सकाळी सातला निघायचं, दोन-अडीचपर्यंत पोचायचं, मग चहा. दिवसाला दोनशे-सव्वादोनशे मैल पुरे, कारमध्ये जे चार तासांत होतं त्याला इथे थांबतथांबत सहा लागतात. आडवा वारा ताशी ३० मैलांच्या वर आणि झोत ४५ च्या पुढे असतील तर सरळ मुक्काम वाढवा. कॅम्पग्राउंडला फोन करून दुसऱ्या रात्रीची तारीख बदलता येते, उलटलेली गाडी बदलता येत नाही. आणि ऑनिंग झोपताना आणि कुठेही जाताना आत, कितीही शांत हवा असली तरी.

मिझूरी नदीच्या पलीकडे पेट्रोल अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायचं नाही. गावं लांबलांब आहेत, शिवाय जनरेटर त्याच टाकीतून पितो आणि टाकी पाव उरली की तो आपला आपण बंद पडतो.

रस्ता

पहिल्या दिवशी मॅनकेटोवरून हायवे ६० ने वर्दिंग्टनला आय-९० धरा. वर्दिंग्टनच्या आसपास पवनचक्क्यांची रांगच रांग, बफेलो रिज म्हणतात त्याला, वारा इथे किती असतो याची तीच पाटी. मुक्काम लुव्हर्नजवळ ब्लू माउंड्स स्टेट पार्क. उंच गवताची मूळ प्रेअरी आता फारच थोडी उरलीय, बाकी सगळी मक्याने आणि सोयाबीनने खाल्ली, ब्लू माउंड्सला तिचा तुकडा आहे, गुलाबी क्वार्टझाइटचा कडा आहे, बायसनचा छोटा कळप आहे, आणि मिनेसोटात असूनही खडकात निवडुंग उगवलेले दिसतात.

दुसऱ्या दिवशी सू फॉल्सला धबधब्याच्या पार्कमध्ये तासभर, मग मिचेलचं कॉर्न पॅलेस. ही परंपरा १८९२ पासूनची, आताची इमारत १९२१ ची, बाहेरच्या भिंतींवरची चित्रं दरवर्षी वेगवेगळ्या रंगांच्या मक्याच्या कणसांची नव्याने करतात. वीस मिनिटांचं काम आहे, पण आजोबा शेतीतले असतील तर तासभर धरा.

साउथ डकोटातल्या एक्झिटचे नंबर पश्चिमेच्या वायोमिंग सीमेपासूनचे मैल आहेत. मिचेल ३३२ च्या आसपास, चेंबरलेन २६३, वॉल ११०. पोरांना कागद द्या आणि पुढचं ठिकाण किती मैल ते वजाबाकी करून सांगायला लावा, 'अजून किती लांब' हा प्रश्न निम्म्याने कमी होतो.

चेंबरलेनला मुक्काम टाकाच, मिझूरीच्या काठावर अमेरिकन क्रीक हा गावाचा कॅम्पग्राउंड आहे. हायवेवरच्या रेस्ट एरियात डिग्निटी नावाचा ५० फुटी पुतळा, २०१६ मध्ये उभारलेला, लकोटा (इथले मूळ रहिवासी) बाई अंगावर ताऱ्यांची गोधडी घेऊन उभी आहे आणि तिच्या मागे खाली अख्खी नदी. गावात अक्टा लकोटा म्युझियम आहे, तिथे एक दुपार द्या. ही सगळी जमीन कोणाची होती ते मुलांना आधी कळलं तर पुढचं सगळं वेगळं दिसतं. एकोणिसाव्या शतकात कोट्यवधी बायसन होते, १८८० च्या दशकाच्या शेवटाला हजाराच्या आत आले, आणि ज्यांचं जगणं त्यांच्यावर होतं त्यांना राखीव जमिनींवर ढकललं गेलं.

नदी ओलांडली की चित्र पालटतं. इथले लोक राज्याचे ईस्ट रिव्हर आणि वेस्ट रिव्हर असेच दोन भाग करतात. पूर्वेला शेतं, चौकोनी, सपाट. पश्चिमेला पाऊस कमी, गवत बुटकं, जमीन लाटालाटांची, गुरं आणि कुंपणं, बाकी काही नाही. एखाद्या एक्झिटला बाहेर पडा, इंजिन बंद करा आणि पाच मिनिटं सगळ्यांना खाली उतरवा. गवत एका दिशेने वाकतं, थांबतं, मग दुसऱ्याच बाजूने झोत येतो, तारेवर पिवळ्या छातीचा मेडोलार्क बसून शीळ घालतो. आमच्या बाबांना देशावरच्या माळाची आठवण झाली, फक्त इथे कोणी शेळ्या घेऊन येत नाही.

मर्डो ओलांडल्यावर कडोकाच्या आधी माउंटन टाइम लागतो, घड्याळ एक तास मागे. आईबाबांच्या गोळ्यांच्या वेळा त्याप्रमाणे बघा, फोन आपोआप बदलतो, गोळ्यांचा डबा बदलत नाही.

एक्झिट १३१ ला मिनिटमन मिसाइलचं व्हिजिटर सेंटर. शीतयुद्धात या गवताखाली एकट्या साउथ डकोटात १५० अणुक्षेपणास्त्रांचे सायलो (जमिनीखालच्या कोठ्या) होते. एक्झिट ११६ ला त्यातला डेल्टा-०९ हा सायलो आहे, काचेच्या झाकणातून खाली मिसाइल दिसतं. डेल्टा-०१ हे नियंत्रण केंद्र आतून बघायचं तर आधी रिझर्व्हेशन लागतं. त्याच १३१ वरून बॅडलँड्सची लूप, रोड २४०, ती वॉलला ११० वर बाहेर पडते. चढउतार आहेत पण आरव्हीला ठीक, उतारावर खालचा गिअर घाला, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका.

बॅडलँड्समध्ये दोन रात्री. सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहानंतर फिरायचं, मधला वेळ एसीत पत्ते. विंडो ट्रेल आणि फॉसिल एक्झिबिट ट्रेल दोन्ही पाव मैलाचे, फळकुटांच्या वाटेवरून, आजीला जमतात. नॉच ट्रेलला दोराची लाकडी शिडी आहे, तो मोठ्या पोरांचा, उंचीची भीती असणाऱ्यांनी खालीच बसावं. हे डोंगर वर्षाला साधारण एक इंच झिजतात, त्यामुळे प्राण्यांची हाडं उघडी पडतात, काही सापडलं तर उचलायचं नाही, फोटो काढून रेंजरला सांगायचं. रॅटलस्नेक आहेत, चपला नको, बूट. प्रेअरी डॉग (खारीसारखे बिळात राहणारे प्राणी) गोड दिसतात, पण त्यांच्यात प्लेग असू शकतो, दाणे टाकायला जाऊ नका. पार्कमध्ये शेकोटीला पूर्ण बंदी आहे, वाळलेलं गवत एका ठिणगीत पेटतं, तेव्हा मार्शमेलो घरी. रात्री दिवे बंद करून बाहेर खुर्च्या टाका, उन्हाळ्यात सीडर पासला रेंजर दुर्बिणीतून ग्रह-तारे दाखवतात. पोरांसाठी ज्युनियर रेंजरचं पुस्तक पहिल्या दिवशीच घ्या म्हणजे बॅज मिळवायला वेळ उरतो.

वॉल ड्रगच्या पाट्या तुम्हाला शेकडो मैल छळतात. १९३१ मध्ये हस्टेड नवरा-बायकोने घेतलेलं औषधांचं दुकान, गिऱ्हाईक येईना म्हणून हायवेवर फुकट बर्फाच्या पाण्याच्या पाट्या लावल्या. कॉफी अजून पाच सेंटला. तासभर, त्याच्यावर नाही.

वादळ आलं तर

हे नीट वाचा. इथे वादळाचे इशारे काउंटीच्या (जिल्ह्याच्या) नावाने येतात आणि आपल्याला आपण कुठल्या काउंटीत आहोत हेच माहीत नसतं. कागदावर लिहून ठेवा, पश्चिमेकडे जाताना वाटेच्या क्रमाने, आधी गाव मग त्याची काउंटी: लुव्हर्न रॉक, सू फॉल्स मिनेहाहा, मिचेल डेव्हिसन, चेंबरलेन ब्रूल, मग रस्त्यातल्या लायमन आणि जोन्स काउंटी, कडोका आणि सीडर पास जॅक्सन, वॉल आणि रॅपिड सिटी पेनिंग्टन. फोनची रेंज कित्येक ठिकाणी नसते, म्हणून बॅटरीवर चालणारा वेदर रेडिओ घ्या.

टोर्नेडो वॉच म्हणजे शक्यता आहे, आवरून बसा, आसरा कुठे ते बघून ठेवा. वॉर्निंग म्हणजे आत्ता, उठा. आरव्हीत थांबायचं नाही, कितीही जड वाटली तरी. कॅम्पमध्ये शिरतानाच ऑफिसात विचारायचं, शेल्टर कुठलं. बहुतेक वेळा पक्क्या भिंतींचं बाथरूम असतं. आजोबांना तिथपर्यंत चालायला किती वेळ लागतो ते एकदा चालून बघा. रस्त्यात असाल तर पुलाखाली आडोसा घेऊ नका, तिथे वारा उलट जोराने घुसतो, पुढच्या एक्झिटला पक्की इमारत शोधा.

गारांची गंमत समजू नका. आय-९० वरच्याच व्हिव्हियन गावात २३ जुलै २०१० ला आठ इंच व्यासाची गार पडली, अमेरिकेतली नोंदलेली सगळ्यात मोठी. आरव्हीच्या छतावरच्या प्लॅस्टिकच्या खिडक्या त्याच्या पाव आकाराच्या गारेलाही फुटतात. दुपारी पश्चिमेला आभाळ काळंहिरवं दिसायला लागलं की तिकडे जायचंच नाही.

ब्लॅक हिल्समध्ये

आरव्ही कस्टरला लावा आणि तिथेच राहू द्या. रॅपिड सिटीहून हायवे ७९ ने हर्मोसा आणि मग ३६ ने आत, हा सपाट रस्ता. नीडल्स हायवेवरच्या सगळ्यात बुटक्या बोगद्याची उंची दहा फुटांहून कमी आहे, तुमची गाडी १२, आयर्न माउंटन रोडला बोगदे आणि गोल फिरणारे लाकडी पूल, दोन्हीकडे आरव्ही न्यायची नाही. त्यापेक्षा रॅपिड सिटीतून दोन दिवस एक मिनीव्हॅन भाड्याने घ्या, सोबत चालवत आणा, आणि सगळं त्यातून बघा. खर्च वाटतो खरा, पण पार्किंगची कटकट वाचते आणि रश्मोरही त्यातच होतं. रश्मोरला प्रवेश फुकट पण पार्किंगचे पैसे, तिथे नॅशनल पार्कचा पास चालत नाही. पासच्या किमती आणि नियम हल्ली अमेरिकेत राहणारे आणि बाहेरून आलेले यांच्यासाठी वेगळे झालेत, निघायच्या आधी नॅशनल पार्क सर्व्हिसच्या साइटवर बघून घ्या.

कस्टरचा १८ मैलांचा वाइल्डलाइफ लूप सकाळी सहाला. कळप रस्त्यातच उभा असतो, काच वर, हॉर्न नाही, थांबायचं. बायसन शेपटी वर करून ताठ उभा राहिला तर तो चिडलाय, हे पोरांना आणि विशेषतः फोटोवाल्या मामांना आधी सांगा. पायी असाल तर चांगलं लांब राहायचं.

आईबाबांसाठी

गाडीची पायरी उंच असते, एक रुंद प्लॅस्टिकचं स्टूल घ्या, ते नसेल तर गुडघे बोलायला लागतात. औषधं दुप्पट, आणि अर्धी वेगळ्या बॅगेत. व्हिजिटर इन्शुरन्सचं कार्ड, पासपोर्ट आणि आय-९४ ची (अमेरिकेत प्रवेशाच्या नोंदीची) प्रिंट. मोठी हॉस्पिटलं सू फॉल्सला आणि रॅपिड सिटीला, मधल्या साडेतीनशे मैलांत छोटी, तेव्हा अंगात कणकण असताना चेंबरलेनहून पुढे जायची घाई नको. रात्री टॉयलेटकडे जायच्या वाटेवर एक छोटा बॅटरीचा दिवा. आणि त्यांना एक काम द्या. आमच्या आई रोज संध्याकाळी गाडीबाहेर खुर्ची टाकून शेजारच्या कॅम्पवाल्यांना खुणेने लाडू वाटायच्या, बदल्यात आम्हाला लाकडं, अंडी आणि एकदा टायरमध्ये हवा भरून मिळाली.

परतताना

येताना दोन मुक्कामांत या, पोरं कंटाळलेली असतात. मिनेसोटात शिरल्यावर वेळ असेल तर उत्तरेला पाइपस्टोन, तिथल्या खाणीतला लाल दगड आजही आदिवासी लोक हाताने काढतात, तासाभरात बघून होतं.

गाडी परत द्यायच्या आदल्या रात्री शेवटचा कॅम्प ड्रेनेजवाला घ्या, टाक्या तिथेच रिकाम्या करा, दुकानात भरलेली टाकी दिली की दंड लावतात. पेट्रोल आणि प्रोपेन करारात असेल तेवढं भरा, पावत्या ठेवा. सिंकच्या कडेला आणि टेबलावर हळदीचे डाग असतील तर बेकिंग सोड्याची पेस्ट लावून दहा मिनिटांनी पुसा, गादीवरचा डाग मात्र घासू नका, पसरतो. मग कपाटं, बेडखालचे खण, फ्रिजमागची फट बघून घ्या, चमचे आणि पोरांचे सॉक्स तिथेच असतात. शेवटी गाडीभोवती पुन्हा एक व्हिडिओ, छतासकट, मीटरचा आकडा दिसेल असा, आणि परत घेणाऱ्याची सही झाल्याशिवाय घरी जायची उबर बोलवू नका.